पलीकडच्या हुकावरची चावी

“सगळं जागेवर आलं?”

टूलरूम सांभाळणारे काका खिडकीतून रोज संध्याकाळी एवढंच विचारायचे. आपलं उत्तर त्यांना नको असायचं. तोवर त्यांची नजर भिंतीवरच्या हुकांच्या फळीकडे गेलेली असायची.

अंबरनाथच्या त्या कारखान्यात मी फिटर होतो. कामगाराने आपल्या नंबराचा पितळी बिल्ला द्यायचा आणि हत्यार न्यायचं. हत्याराच्या रिकाम्या हुकावर बिल्ला लटकायचा. संध्याकाळी हत्यार आलं की बिल्ला परत, आणि बिल्ला दाखवल्याशिवाय गेटबाहेर सोडत नसत. कोणी बिल्ल्याऐवजी साहेबाची चिठ्ठी आणली तर काका ती खिशात घालून म्हणायचे, “चिठ्ठीने नट फिरतो का रे?”

हत्यार म्हणजे काय याबद्दल त्यांची मतं मोठी ऐसपैस होती. पाना, कानस तर हत्यारं होतीच. पण डब्यातला चमचा, साहेबाचं पेन, बायकोची विळी हीसुद्धा हत्यारंच. “आणि जीभ?” एकाने चेष्टेने विचारलं. “ती तर सगळ्यांचा बाप. तिला हूकच नाही,” काका म्हणाले आणि डबा उघडून जेवायला बसले.

असा नेमाचा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. वैताग येतो, आणि तो नसला की चुकल्यासारखं वाटतं. काकांनी नोकरीत एकदाच नेम मोडला, तो माझ्यासाठी.

त्या दिवशी आम्ही तीन फिटरांनी मोठ्या लेथचा चक, काम पकडून फिरणारा जबडा, दुरुस्त केला होता. चक घट्ट करायची हातभर चावी टूलरूमची होती, माझ्या बिल्ल्यावर आणलेली. संध्याकाळी मला कुळगावला मुलगी बघायला जायचं होतं. खिडकीशी आलो तर हातात चावी नाही.

“काका, बेंचवर राहिली. सकाळी देतो.”

“जाऊन आण.”

“मुलगी बघायला जायचंय, काका. पाहुणे खोळंबलेत.”

ते हसले. मी त्यांना हसताना फार वेळा पाहिलं नव्हतं. हुकावरचा बिल्ला काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. “जा. नीट बघ.”

चावी बेंचवर नव्हती. ती चकमध्येच अडकलेली होती, पलीकडच्या बाजूला. सकाळी मी पोचायच्या आत लेथ चालवणाऱ्या टर्नरने ते चालू केलं. चावी उडाली. त्याचा डावा डोळा गेला.

चौकशीत हुकावर कोणाचाच बिल्ला सापडला नाही. चावी कोणी नेली होती, साहेबांनी विचारलं. काका म्हणाले, “बिल्ला मी सोडला. चूक माझी.” नाव सांगितलं नाही. मी चार हातांवर उभा होतो आणि गप्प बसलो. ती मुलगी आज माझी बायको आहे. तिलाही हे मी कधी सांगितलेलं नाही.

पुढे कारखाना बंद पडला. काका बदलापूरला, सोनिवलीकडच्या नव्या इमारतीत राहायला गेले. तिथेही स्वयंपाकघरात त्यांनी फळी ठोकली. शेजारीण हातोडी न्यायला आली तर पत्र्याचं झाकण कापून केलेला बिल्ला तिच्या नावाने लटकवायचे. काकू डोक्याला हात लावायच्या. फळीवर सगळ्यात पलीकडचा एक हूक मात्र कायम रिकामा होता. त्यावर काकू झाराही अडकवू शकत नसत.

शेवटच्या दोन वर्षांत त्यांची आठवण विसकटली. मुलाला ओळखायचे नाहीत, मला ओळखायचे. मी दिसलो की विचारायचे, “चावी आणलीस?”

“आणली, काका.”

मग भिंतीला धरत स्वयंपाकघरात जायचे, हूक बघून यायचे. “खोटं बोलतोस,” म्हणायचे, पण रागाने नाही. मला ते रागापेक्षा जड जायचं. घरी जाऊनही तो हूक डोळ्यांपुढून हलायचा नाही.

शेवटी उल्हासनगरच्या भंगार बाजारात तशी चावी शोधली. सिंधी दुकानदार म्हणाला, “साईं, अकेली चाबी का क्या करोगे? मशीन किधर है?” मी पैसे मोजून दिले. रविवारी नेऊन द्यायची ठरवली. शुक्रवारीच काका गेले.

काकांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी ती पिशवीतून घेऊन गेलो. बाहेर बुद्धवंदना संपून लोक जेवायला बसत होते. मी स्वयंपाकघरात शिरलो आणि चावी पलीकडच्या हुकाला लावली.

“कोणाची?” मागून आवाज आला. दारात तोच टर्नर उभा होता. एका काचेवर काळा कागद चिकटवलेला चष्मा.

“माझ्याकडून राहिली होती,” मी म्हणालो. “त्या दिवशी. बिल्ला माझा होता.”

तो पुढे आला. चावी काढून त्याने हातात तोलून पाहिली.

“मी काकांना दर वर्षी विचारायचो, कोण होता. म्हणायचे, थांब, ज्याची राहिली तो स्वतः आणून देईल.”

त्याने चावी हुकाला परत लावली, सरळ केली आणि बाहेर जाऊन पंगतीत बसला. त्याच्या शेजारचं पान रिकामं होतं. त्यावर त्याने हात ठेवला होता, आणि तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता.