आप्पांच्या हवाईयन गिटारचा ॲम्प

आप्पांनी ॲम्प्लिफायर तिसऱ्यांदा काउंटरवर आणून ठेवला, तेव्हा मी नुकताच डबा उघडला होता. झाकण परत लावलं आणि उठले.

"ह्याचा बी आवाज फाटतोय बघ पोरी," ते म्हणाले. "आणि काल जेवणं चाललेली असताना मधीच बंद पडला."

मालक गल्ल्यावरूनच बोलले, "आप्पा, पहिल्यापासनं सांगतोय, शंभर वॉटचा घ्या. आक्का ऐकत न्हाय."

आक्का म्हणजे मी. बेळगावात वाद्यांच्या दुकानात सर्व्हिस आणि सेल्स दोन्ही बघते. इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.ई. केलंय. वडगावात आमचे पॉवरलूम आहेत आणि घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मुद्दाम सांगते, कारण अजून गिऱ्हाईक माझ्याकडं बघून विचारतं, "मेकॅनिक कुठं गेलेत?"

आप्पा शहापूरचे, तेही विणकरच. निपाणीतल्या एका मंगल कार्यालयात लग्नाच्या जेवणावेळी ते इलेक्ट्रिक हवाईयन गिटार वाजवतात. ही गिटार मांडीवर आडवी ठेवायची आणि डाव्या हातातली स्टीलची कांडी तारांवरून सरकवायची. सूर तुटत नाही, गळ्यातून निघाल्यासारखा वाहतो. एके काळी त्यांना गावोगावच्या ऑर्केस्ट्रातून बोलावणं असायचं. ते सगळं बंद पडलं, ही एकच जागा उरली. आणि आता तिथला मॅनेजर म्हणाला होता की पुढच्या लग्नात आवाज फाटला तर पेनड्राइव्ह लावणार. तसंही कोण ऐकतंय, असंही म्हणाला होता. आप्पांना ते दुसरं वाक्य जास्त लागलं होतं.

त्यांचा पहिला ॲम्प पुतण्यानं घेऊन दिलेला, रॉक वाजवणाऱ्यांचा. त्यात गेन जास्त असतो, म्हणजे गिटारचा सिग्नल आतच इतका वाढवतात की तो मुद्दाम फाटावा. रॉकला ते शोभतं. हवाईयनला नाही, कांडीची खरखरसुद्धा मोठी होऊन बाहेर येते. म्हणून मी त्यांना क्लीन, म्हणजे सिग्नल न फाडता वाढवणारा ॲम्प दिला. तो परत आला. मग जास्त हेडरूमचा दिला. हेडरूम म्हणजे आवाज फाटायच्या आधी शिल्लक असलेली जागा. तोच आज काउंटरवर होता.

बेंचवर लावला. दुपारभर चालू ठेवला. काही झालं नाही. आप्पांनी स्टुलावर बसून एक जुनं गाणं वाजवलं, तर तारा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक तारा विसरून ऐकत उभं राहिलं.

"दुकानात सगळ्यांचंच चांगलं वाजतंय," मालक म्हणाले.

एक गोष्ट खटकली. ॲम्प आला तेव्हा सुराची धार वाढवणारा ट्रेबल आणि व्हॉल्यूम, दोन्ही नॉब शेवटाला टेकले होते. एवढं का, असं विचारलं.

"तिथं आवाज दबतोय गं. घोंगड्याखालनं आल्यागत. मग वाढवायलाच लागतंय."

ते मी बोलण्याची पद्धत म्हणून सोडून दिलं. मागची जाळी उघडली तर हवेच्या भोकांत लाल तंतू अडकलेले. तेही फुंकून टाकले. आमच्याकडं तंतू कशात नसतात? पंख्यात असतात, घड्याळात असतात, कधीकधी आमटीत असतात. विणकराच्या घरातून आलेल्या मशीनमध्ये धागा दिसला तर आम्हाला संशय येत नाही.

शेवटी पुढच्या लग्नाला मीच जायचं ठरवलं. मालकांनी हो म्हटलं, पण शंभर वॉटचा घेऊन जा आणि विकूनच ये, या अटीवर. मी मात्र आप्पांचा तोच ॲम्प घेऊन निपाणीची बस धरली. रविवार होता. माझा तो एकच दिवस झोपेचा असतो.

हॉलमध्ये पोचून स्टेजच्या कोपऱ्यात जोडणी केली. आप्पांनी कांडी फिरवली, आवाज स्वच्छ. आम्ही चहाला गेलो. परत आलो तर ॲम्प गायब. त्याच्या जागी मरून मखमलीचा एक चौरंग, वर झेंडूची माळ, समोर चुणीदार झालर.

ॲम्प त्या मखमलीच्या आत होता. पुढून, मागून, वरून, सगळीकडून गुंडाळलेला.

डेकोरेशनवाला टाचण्या तोंडात धरून म्हणाला, "स्टेजवर काळं दिसलं की वरमाय बोलत्यात, मॅडम. आम्ही दर लग्नात झाकतोय."

मी आप्पांकडं बघितलं.

"मंगलकार्य हाय," ते म्हणाले. "काळं उघडं कसं ठेवायचं? त्यात सांगण्यासारखं काय हाय?"

त्यांचंही खरं होतं. पुढून आवाज अडत होता, म्हणून ते नॉब वाढवत होते आणि आवाज फाटत होता. मागून हवा अडत होती, म्हणून ॲम्प तापून स्वतःच बंद होत होता. मी फुंकून टाकलेले लाल तंतू या मखमलीचेच होते. शंभर वॉटचा आणला असता तर तो आणखी तापला असता.

मी मखमल काढायला घेतली, तोच वरमाय आल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "बाई, तेवढी काळी पेटी झाका. पोराचं लग्न एकदाच हुतंय."

ॲम्पच्या तोंडावर कंपनीचं कापड असतंच, पण ते विरळ विणीचं असतं. कापड पारखायचं तर ओठांशी धरून फुंकायचं. श्वास पार गेला तर आवाजही जातो. डेकोरेशनवाल्याची गाठोडी उपसली. मखमल, सॅटिन, मखमल. एकही चालेना. मग आप्पांच्या खांद्यावरचं उपरणं दिसलं. पिवळं, त्यांनीच विणलेलं, धुऊन धुऊन विरळ झालेलं. फुंकर आरपार गेली.

ते पुढं ताणून टाचलं. वर आणि बाजूंना मखमल ठेवली. मागची बाजू भिंतीकडं करून मोकळी सोडली. ट्रेबल आणि व्हॉल्यूम मध्यावर आणले.

जेवणं सुरू झाली. आप्पा शेवटपर्यंत वाजवत होते. एकदा वाढपी आमटीची बादली घेऊन स्टेजपाशी नुसताच उभा राहिला, त्याला ओरडून पुढं पाठवावं लागलं. मॅनेजर येऊन थोडा वेळ थांबला. हॉलच्या साउंड मिक्सरला लावून ठेवलेला पेनड्राइव्ह काढला, खिशात घातला आणि किचनकडं गेला.

आप्पा अजून तिथंच वाजवतात.

शंभर वॉटचा विकला नाही म्हणून मालक दोन दिवस कुरकुरत होते. मग त्यांनी दुकानाबाहेर बोर्ड लावला, "लग्नकार्यासाठी पिवळे व लाल ॲम्प मिळतील." आता दर आठवड्याला दोन-तीन गिऱ्हाइकं येतात. विरळ कापड आमच्याच मागावर निघतं. आई ते पिवळं नाहीतर लाल रंगवून देते आणि मी ते फ्रेमवर ताणून स्टेपल मारते. पोरीच्या हातात कापड येऊ नये, म्हणून वडिलांनी मला बी.ई. केलं होतं.

ॲम्प घ्यायला कोणी आलं की आता मी आधी गिटार कुठली ते विचारते, मग काय वाजवता ते विचारते. वॉटवर येण्याआधी स्टेज कोण सजवणार, तेही विचारून घेते.