टीबीच्या आशेवर

ह्यांना टीबी झालाय असं कळलं, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. हसू नका. पन्नास सालानंतरची गोष्ट. टीबीवर नुकतीच सुई निघाली होती आणि दापोडीच्या आमच्या आळीतले दोघे जण बरे होऊन कामावर जात होते. त्यामुळे धाकटे दीर ह्यांना पुण्याला दाखवून आले आणि म्हणाले, "वहिनी, टीबी हाय, सुईनं बरा व्हतो," तेव्हा मला हायसंच वाटलं.

मग टीबीची सगळी शिस्त आली. ह्यांचं ताट-वाटी वेगळं, खाट बाहेर पडवीत आणि तीन वर्षांची आमची लेक चिखलीला माझ्या माहेरी. "पोरीला हितं ठिवायची न्हाई," सासूबाई म्हणाल्या. मीही तेच म्हणत होते.

हे वर्कशॉपमध्ये घण मारायचे. शिफ्ट करून आले की पालथे पडायचे आणि लेक भिंतीला धरून त्यांच्या पाठीवर चालायची. तेवढ्यानं अंग मोकळं व्हायचं. आता पाठ सतत ठणकायची. आडवं झालं की श्वास अडकायचा, म्हणून उशांना टेकून बसल्या बसल्याच डोळा लावायचे. आवाज बसला तो बसलाच. सकाळी तोंड सुजलेलं, दंड मात्र काटक्या. भाकरीचा घास तोंडात घोळवत राहायचे, "माती लागते गं," म्हणायचे. खोकल्यातून रक्त पडलं की रुमाल माझ्यापासून लपवायचे, जसं काही तो धुवायला दुसरं कुणी येणार होतं. कंपाउंडर सुई टोचून जायचा आणि मी गुण यायची वाट बघायची. गुण कसला येतो!

एका रविवारी माझा भाऊ लेकीला सायकलवरून भेटवायला घेऊन आला. ती थेट पडवीत धावली. हे त्या बसक्या आवाजात म्हणाले, "एकदाच पाय देऊ दे तिला. उशीवर ओणवा होतो, तोंड भिंतीकडे करतो."

मी पोरीचा दंड धरून तिला मागं ओढलं. "बरे झालात की रोज देईल," असं वर ठसक्यात सांगितलं. त्यांनी मान हलवली. महिन्याभरात गेले.

तेराव्याची जेवणं उरकल्यावर दिरांना कढ आला. सगळ्यांसमोर त्यांनी सांगून टाकलं की टीबी नव्हताच. फुफ्फुसाचा कॅन्सर होता. ह्यांना बाहेर बाकावर बसवून डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी हात टेकले होते आणि ती सुई नुसती ताकदीची होती. "दादाचा धीर सुटला असता. मी एकट्यानं गिळलं ह्ये." बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

मी विचारलं, "कॅन्सर दुसऱ्याला लागतो का?"

"न्हाई, वहिनी."

"तुमच्यादेखत पोरगी धाडली आम्ही."

"बोललो असतो तर समदंच बाहेर पडलं असतं."

मला राग आला. अजून येतो, आणि कुणावर काढावा ते ठरत नाही. गप्प ते बसले, पण पोरीला ओढणारा हात माझा होता. मी एवढंच म्हणाले, "मरणारच होते ना, भाऊजी? मग लेक तरी द्यायची होती."

"आजच्या दिवशी आसं बोलू न्हाई," सासूबाई म्हणाल्या आणि दिरांसाठी पाणी आणायला मलाच पाठवलं.