मामाचा पोटशूळ

माझा मामा शिलाई मशीन दुरुस्त करतो. त्याच्या हाताखालून गेलेलं मशीन पुन्हा कुरकुरत नाही, असं लोक म्हणतात, आणि तोही म्हणतो. त्याचं दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. भिंतीवर पट्टे टांगलेले, डब्यांतून सुया, शटल, बॉबिन, आणि सगळ्याला मशीनच्या तेलाचा वास. इथे तो तीस वर्षं एकटा बसला. खोळंबलेल्या गिऱ्हाइकांची समजूत काढायचं काम मात्र मामीकडे. ती शाळेच्या ऑफिसात नोकरीला होती, तिथूनच फोनवर ती लोकांना गोड बोलून थोपवायची.

चव्वेचाळिसाव्या वर्षी मामीने उद्योजकतेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. दोन वर्षं, शनिवार-रविवार वर्ग. नवा व्यवसाय शून्यातून कसा उभा करायचा, ते तिथे शिकवत.

मामा आधी हसला. "धंदा करायला डिग्री लागते होय? मग मी काय इतकी वर्षं माश्या मारतोय?"

"तुम्ही दुरुस्त्या करताय," मामी म्हणाली. "धंदा कधी केलात?"

हे त्याच्या मनाला लागलं. पण खरी ठिणगी पडली ती 'सर म्हणतात'मुळे. मामी जेवायला बसली की सुरू व्हायची. सर म्हणतात, गिऱ्हाईक काय मागतं यापेक्षा त्याचं कुठे अडतं ते बघा. सर म्हणतात, आधी दहा जणांना विचारा, मग पाटी रंगवा.

"हे मी कधीपासून सांगतोय," मामा माझ्याजवळ कुरकुरला. "मी सांगितलं की बडबड, सरांनी सांगितलं की ज्ञान."

एका रविवारी तो मामीला आणायच्या निमित्ताने सर बघायलाच गेला. सर निघाले बुटके, टकले, सर्दीने बेजार. मामाला बरं वाटायला हवं होतं, पण झालं उलटंच. "निदान रुबाबदार तरी असायचा," तो म्हणाला. "याच्यापुढे मी कमी?"

दुसऱ्या वर्षी मामीने प्रकल्पासाठी मामाचीच गिऱ्हाइकं गाठली. इस्पितळाच्या कपडे विभागातली बाई, वसतिगृहाचा व्यवस्थापक, गणवेश शिवणारा शिंपी. सगळ्यांचं बोलणं तिने वहीत शब्दशः उतरवलं आणि एका संध्याकाळी मामाला वाचून दाखवलं. इस्पितळातली बाई म्हणाली होती, "हात सोन्याचे आहेत, पण मशीन नेलं की महिनाभर तोंड दाखवत नाहीत."

"मला तर कुणी कधी बोललं नाही," मामा म्हणाला.

"तुम्ही कधी विचारलंत?"

यातूनच मामीची योजना तयार झाली. मशीन बिघडायची वाट न बघता दर महिन्याला जागेवर जाऊन तपासणी करायची, आणि छोट्या दुरुस्त्या शिवणाऱ्या बायकांनाच शिकवायच्या. वर्गात तिचं फार कौतुक झालं. घरी येऊन तिने ते सांगितलं तेव्हा मामा पेपरात डोकं खुपसून बसला. नंतर मला म्हणाला, "घाम माझा, गिऱ्हाइकं माझी, आणि मार्क हिला."

शेवटच्या सादरीकरणासाठी एक चालू मशीन हवं होतं. मामीने दुकानातलं सगळ्यात चांगलं मागितलं आणि त्यानेही मुकाट्याने दिलं. त्या दिवशी सकाळी टेम्पो यायच्या आधी तो दुकानात एकटाच होता. त्याने सुईच्या दांड्याचा स्क्रू सैल केला, दांडा केसभर वर सरकवला आणि स्क्रू पुन्हा आवळला. बाहेरून बघणाऱ्याला काही कळायचं कारण नव्हतं. "हात आपोआप गेला," असं तो नंतर म्हणायचा. पण आपोआप एवढं मोजून होत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

परीक्षकांसमोर मामी मशीनवर बसली. चार टाके पडले, मग सुटायला लागले. तिने कापड बदललं, दोरा पुन्हा ओवला, तरी तेच. एक परीक्षक हसून दुसऱ्याच्या कानाला लागला. मशीनसोबत आलेला मामा मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. मामीने त्याच्याकडे एकदाच पाहिलं.

"माझे यजमान इथे आहेत," ती शांतपणे म्हणाली. "त्यांना कळेल काय झालंय ते."

मामा उठला. स्क्रूड्रायव्हर खिशातच होता. दोन मिनिटांत टाका सरळ पडू लागला आणि परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या, त्याही मामाला. मग त्यांनी मामीच्या शेऱ्यात लिहिलं: योजना चांगली आहे, पण सगळी एकाच माणसाच्या हातावर अवलंबून आहे. तिचा पहिला नंबर गेला.

परतताना रिक्षात ती म्हणाली, "तो दांडा आपणहून वर जात नाही. एवढं मला कळतं."

मामाने तोंड बाहेर वळवलं. म्हणाला, "मीच केलं. बघवत नव्हतं मला."

"सरांचं?"

"तुझं."

मामी रडली नाही की भांडली नाही. नोकरी सोडून तिने सहा महिन्यांत व्यवसाय सुरू केला. परीक्षकांचा शेरा मनावर घेऊन तिने चार बायका हाताशी धरल्या आणि दुसऱ्याच एका म्हाताऱ्या कारागिराकडून त्यांना शिकवून घेतलं. मामाला विचारलंसुद्धा नाही. इस्पितळ तिच्याकडे गेलं, वसतिगृह गेलं, गणवेशवाला शिंपीही गेला. मामा दुकानात बसून रस्त्याकडे बघायचा. त्या चार बायका स्कूटरवरून गेल्या की म्हणायचा, "ती हिरव्या ओढणीवाली पाना चुकीचा धरते. समोरच्या शिंप्याकडे बघितलं मी."

वर्षभराने तो आपणहून मामीच्या ऑफिसात गेला. "त्या पोरींना पाना तरी नीट धरायला शिकवतो," म्हणाला.

मामीने त्याला खुर्ची दिली, पण होकार लगेच दिला नाही. "पोरींना विचारते. शिकायचं त्यांना आहे."

पोरी हो म्हणाल्या. आता दर गुरुवारी तो तिथे शिकवतो आणि मनापासून शिकवतो. पोटशूळ पुरता गेलाय असं मात्र नाही. गेल्या महिन्यात पेपरात मामीचा फोटो छापून आला. मामाने तो दुकानात लावला आणि येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला. मी गेलो तेव्हा जरा वेळ फोटोकडे बघून मला म्हणाला, "बातमीत माझं नाव कुठेच नाही. आडनाव तेवढं आहे."