खंडेनवमीचं खोकं

शेळके मामांना कुणी चहा दिला तरी ते आधी कपाचा तळ बघायचे. सुप्यातल्या आमच्या कारखान्यात ते टेस्टिंगचे प्रमुख. मूळचे खर्ड्याचे, बोली शेवटपर्यंत तिकडचीच. मी इंजिनिअर म्हणून रुजू झाले, तेव्हा माझं ओळखपत्र उलटसुलट करून त्यांनी विचारलं, "फोटो तुमचाच हाय ना, मॅडम?" असा संताप आला म्हणून सांगू!

आम्ही दुधाची फॅट मोजणाऱ्या यंत्रांचे बोर्ड बनवायचो. बोर्ड तळहाताएवढा, पण आत अख्खा संगणक. त्यात लिनक्स, म्हणजे त्याला चालवणारी सिस्टिम, टाकायची ती नेटवर्कवरून. कोरा बोर्ड चालू झाला की वायरीवरून विचारतो, मला सिस्टिम कोण देतं? जो सर्व्हर आधी उत्तर देईल त्याच्याकडून तो निमूट घेतो. "आदी बोलला त्यो खरा, ही कुठली रीत?" मामा कुरकुरायचे. त्यांच्या जुन्या सर्व्हरच्या जागी नवा मी बसवला होता, म्हणजे संशयाला जागा दोन झाल्या, तो सर्व्हर आणि मी.

दिवाळीच्या तोंडावर तक्रारी आल्या. काही यंत्रं फॅट चुकीची दाखवत होती आणि त्यांच्यात जुनं लिनक्स निघालं. साहेबांनी मला शनिवारपर्यंत मुदत दिली. दोष सापडला नाही तर नोकरीत कायम होणं विसरायचं. हे बोर्ड माझ्या सर्व्हरकडे आलेच नव्हते, तशा नोंदी मी मामांना दाखवल्या. ते म्हणाले, "सर्व्हर तुमचा, नोंदीबी त्याच्याच." त्या दिवसापासून त्यांनी माझ्या येण्याजाण्याच्या वेळा वहीत टिपायला घेतल्या. केडगावला घरी जाताना मी बसमध्ये रडले, खोटं कशाला सांगू.

शनिवारी सकाळी मामांनी माझ्यादेखत माझ्या सर्व्हरची वायर उपटली आणि कोरा बोर्ड लावला. आता देणाराच नाही म्हटल्यावर बोर्ड अडून बसायला हवा होता. पण दोन मिनिटांत त्यात जुनं लिनक्स चढायला लागलं! मामा एकेक वायर हातात धरून माग काढत सर्व्हरच्या रॅकच्या मागे गेले.

तिथे खाली त्यांचा जुना सर्व्हर होता. वर कुंकू, वाळलेला झेंडू आणि पुढे लुकलुकणारा हिरवा दिवा. खंडेनवमीला हत्यारांबरोबर त्यांनी त्याचीही पूजा केली होती. बंद यंत्र पुजायचं नाही हा त्यांचा नेम, म्हणून चालू केलं आणि तसंच विसरले. कधी तो आधी बोलायचा, कधी माझा.

खोलीत आम्ही दोघंच. मामांचा हात बटणाकडे गेला. हे आता बंद करणार आणि माझ्यावर ढकलणार, असं वाटून मी झटकन मोबाईलवर फोटो काढला. त्यांनी ते पाहिलं. हात मागे घेतला आणि खाली स्टुलावर बसले.

"बरं केलंस. आता सायबाला बोलाव, दिवा चालू हाय तवर."

साहेब आले तेव्हा मामा उभे राहिले. "पोरीचा दोष न्हाई. माजं खोकं हाय, मीच चालू केल्तं." मी ‘मॅडम’ची ‘पोर’ झाले ती त्याच दिवशी. त्या फोटोची मात्र मला आजही लाज वाटते.

मामा आता निवृत्त होऊन खर्ड्याला असतात. खंडेनवमीला त्यांचं खोकं मी अजून चालू करून पुजते, आणि त्यांचा फोन ठरलेला. यंदाही आला.

"पूजा झाली? माज्या खोक्याची वायर काडली का?"

"काढली, मामा."

"बगून सांग."

काढलेलीच होती. तरी मी उठून, रॅकच्या मागे वाकून बघून आले.