जरा मागे घे

जोडून सुट्टी आली की माहेरी आमचा एकच कार्यक्रम असतो, सगळ्यांनी मिळून सिनेमे बघायचे. मला मात्र एकही धड बसून बघवत नाही. पाय सारखा हलत असतो, आणि अजून किती उरलाय ते मी बटण दाबून बघत राहते. आई मेथी निवडता निवडता विचारते, "आता कोण मेलं?" आणि उत्तराची वाट न बघता पुढची जुडी सोडते.

बाबांचं तसं नाही. आयुष्यभर रहस्यकथा वाचलेला माणूस. पहिल्या दहा मिनिटांत खुनी सांगून आमचा विरस करतो.

काल दुपारी मात्र ते म्हणाले, "हे नीट कळलं नाही. जरा मागे घे." घेतलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी चिडलेच.

"बाबा, सहाची बस आहे माझी!"

"हो का?" म्हणाले, जणू दाराशी भरून ठेवलेली बॅग त्यांना दिसलीच नव्हती.

ही घाई कशाची असते कोण जाणे. इथे असते तेव्हा जीव तिथल्या कामांत, आणि बसमध्ये बसले की इथल्या सोफ्यावर.

पडद्यावर रखवालदार पुन्हा जिना चढत होता. बाबा तिकडे बघतच नव्हते. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

मी रिमोट उचलला आणि सिनेमा पार सुरुवातीला नेला.

"रखवालदारानेच मारलंय," बाबा हळूच म्हणाले, "पण बघू या."