तीन हात लाल रंग

दुइलिओ झाक्केरोनी आमचे शेजारी. वय एक्याऐंशी. चाळीस वर्षं ते फाएन्झा गावातल्या टाइल्सच्या भट्टीवर कामाला होते आणि रोज एकाच मोटरसायकलवर जात. १९५६ सालची, एकशे पंचवीस सीसीची, अगदी हलकी गाडी. नवी कोरी असताना त्यांनी घेतलेली.

त्यांच्या बायकोचे, नीव्हेसकाकूंचे, गुडघे गेले, त्यानंतर त्या दुसऱ्या मजल्यावरून कधी खाली उतरल्या नाहीत. जिन्याला विजेवर सरकणारी खुर्ची बसवायची, म्हणून दुइलिओंनी गाडी विकायला काढली.

वाहनांची कागदपत्रं करणाऱ्या कचेरीत मला हिशेबनीस म्हणून पस्तीस वर्षं झाली, पुढच्या जूनमध्ये निवृत्त होईन. त्यामुळे विक्रीचं काम माझ्याकडे आलं. मूळ नंबरप्लेट, मूळ नोंदणीपुस्तक, इंजिनाचा क्रमांक, सगळं मी तपासलं. फोटो काढले. टाकीचा लाल रंग दोन्ही बाजूंना गुडघे घासून उडाला होता. दूरच्या बर्गामो शहरातल्या ब्रांबाती नावाच्या संग्राहकाने फोटो पाहून त्याच दिवशी फोन केला. खुर्ची सहज येईल एवढी रक्कम त्याने स्वतःहून सांगितली. पुढच्या रविवारी येतो म्हणाला.

रविवारी दुइलिओ इस्त्रीचा शर्ट घालून गॅरेजच्या दारात उभे होते.

"या हिशेबनीस, बघा!"

गाडी लालभडक झाली होती.

"काय केलंत हे?"

"तीन हात मारले. पुतण्याच्या दुकानातला रंग, ट्रॅक्टरला लावतात तो. माणूस बर्गामोहून येणार आणि त्याला ती कळकट टाकी दाखवू? ईस्टरला पाद्री घरी येतो तेव्हा फरशी पुसता ना तुम्ही?"

संग्राहकांना जुनाच रंग हवा असतो, हे मला ठाऊक होतं. इतकं ठाऊक होतं की सांगायचंच राहून गेलं.

ब्रांबाती आला, गाडीभोवती दोनदा फिरला.

"जुना रंग खाली आहे का?"

"छे! पार घासून काढला. पाच दिवस लागले."

"साहेब, मी त्याच रंगासाठी आलो होतो."

"ऐकलंत, हिशेबनीस? उडालेल्या रंगासाठी एवढा प्रवास!" दुइलिओ हसले. मग आमची तोंडं पाहून थांबले.

ब्रांबातीने निम्म्याहून कमी आकडा सांगितला. माणूस वाईट नव्हता. घासून काढलेला रंग तो तरी कुठून आणणार?

वरच्या खिडकीतून काकू ओरडल्या, "ए रंगाऱ्या! सूप गार होतंय. पाहुण्यांना वर आण आणि देऊन टाक तो खटारा."

"एवढ्या पैशांत खुर्ची येत नाही, नीव्हेस."

"मग मलाच खाली आणून ठेव!"

गाडी त्याच दिवशी टेम्पोत चढली. आलेल्या पैशांत गवंड्याने गॅरेजमध्ये नळ आणि संडास बसवून दिला. पलंग सुटा करून खाली आणला, पुन्हा जोडला. शेवटी दुइलिओ, त्यांचा पुतण्या, गवंडी आणि मी अशा चौघांनी काकूंना साध्या लाकडी खुर्चीवर बसवून खाली उतरवलं. प्रत्येक वळणावर त्या आम्हाला शिव्या देत होत्या.

खुर्ची जमिनीला टेकली. काकूंनी भिंतीवर हात फिरवला.

"ओल आहे इथे."

"आहे," दुइलिओ म्हणाले, आणि शर्टाची बटणं सोडून दोघांच्या पलंगावर आपल्या बाजूला आडवे झाले.