पानादेरियातली परीक्षा

लेक स्पेनमध्ये असते. तिला सातवा महिना लागला आणि मी म्हटलं, बाळंतपणाला येते. तर फोनवर तिनं साफ सांगितलं, "आई, तू कायले येऊन राहिली? हे दिवसभर कामावर, बाळ झालं की मी खाटेवर. साधा पाव आणायचा तरी तुले जमणार नाही. इथं हिंदीबी चालत नाही."

मला राग आला. अख्खा संसार मी तिरोड्याच्या बाजारातून उभा केला, आणि मला पाव आणता येणार नाही? म्हटलं, "घे माझी परीक्षा. पास झाली तर तिकीट." तीही माझीच लेक, हो म्हणाली.

मोबाइलवर स्पॅनिश शिकणं सुरू झालं. पाव मिळतो ती पानादेरिया. फळांची फ्रुतेरिया, मटणाची कार्निसेरिया, चपलांची सापातेरिया, खिळे-कुलपं मिळतात ती फेरेतेरिया. भाजी चिरता चिरता माझं पाठांतर चालायचं. नवरोबांनी थोडे दिवस ऐकलं आणि म्हणाले, "अवो, हे दुकानं हायत का रोग? मलेरिया कोणत्या दुकानात भेटते?" मी सोडते होय! त्यांच्याच हाती पिशवी देऊन बाजारात नेलं आणि प्रत्येक दुकानासमोर उभं करून नाव म्हणायला लावलं. पुढच्या खेपेला हार्डवेअरवाला लांबूनच ओरडला, "आइये भाभीजी, फेरेतेरिया खुला है!" मला इतका आनंद झाला की गरज नसताना एक कुलूप घेतलं.

रविवारी व्हिडिओ कॉलवर परीक्षा झाली. दुकानांची नावं मी धडाधडा सांगितली. मग लेक म्हणाली, "आता मी पानादेरियावाली. तू पाव घ्यायले आली. बोल."

आमच्याकडे दुकानात शिरल्या शिरल्या कोणी सामान मागत नाही. मागितलं तर दुकानदाराला वाटतं, बाई घरून भांडून आली. आधी पोराबाळांचं विचारायचं, धानाचं विचारायचं, सामानाचं मग निघतं. त्यासाठी मी एक वाक्य मुद्दाम घोकून ठेवलं होतं. "ओला! कोमो एस्ता ला फामिलिया?" म्हणजे घरची मंडळी कशी आहेत. धान कापून झालं का, हेही विचारायचं होतं, पण तेवढे शब्द नव्हते. मग हातानेच विळा चालवून दाखवला. पाव मागायचा राहूनच गेला.

"नापास," मागून नवरोबा म्हणाले.

लेक आधी खो खो हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. "पाव तर मी रोजच आणतो, आई," ती म्हणाली. "पण घरचे कसे हायत, हे इथं मले अजून कोणी विचारलं नाही."

तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि माझ्यामागे बघून म्हणाली, "बाबा, आईचं तिकीट काढा. पाव कोणीबी आणते."